भरल्या टाकीची शर्यत

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक वेगाचा इतिहास सांगतात. अमक्या वर्षी ताशी किती मैल, तमक्या वर्षी किती, कोणी कोणाला किती सेकंदांनी मागे टाकले, ह्या हिशेबात पानेच्या पाने भरतात. मला मात्र त्या सगळ्या गर्दीत एकच आकडा खरे काय ते सांगणारा वाटत आला आहे. शर्यतीचे निशाण पडते त्या क्षणी गाडीच्या टाकीत पेट्रोल किती आहे, हा तो आकडा. चालक त्या पेट्रोलच्या किती जवळ बसला आहे आणि गाडी कोठे आदळली तर ते पेट्रोल कोणीकडे जाणार, हे दोन प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतात. दिवाळीच्या अंकात आगीची कहाणी कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. पण वर्षातले हे चारच दिवस असे आहेत की आपण होऊन लहान मुलाच्या हाती आग देतो आणि जवळ पाण्याची बादली भरून ठेवतो. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. यंत्रशास्त्रात माझी गती नाही. पण ह्या शर्यतीचे गणित इतके सोपे आहे की चौथीच्या वर्गातही सांगता यावे. शेतकरी बैलगाडी जुंपून लांबच्या बाजाराला निघाला, तर बैलांचा कडबा घरूनच गाडीत भरायचा की वाटेत विकत घ्यायचा, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो. घरून भरला तर गाडी जड होते आणि बैल दमतात. वाटेत घ्यायचा तर थांबावे लागते. शर्यतीच्या मोटारीचे नेमके हेच आहे. टाकी तुडुंब भरून निघाले तर मध्ये थांबायला नको. पण गाडी वळणावर अंग टाकते, टायर लवकर झिजतात, ब्रेक लांबून दाबावा लागतो. थोडेच पेट्रोल घेऊन निघाले तर गाडी पाखरासारखी उडते. पण मध्येच बाजूला येऊन टाकी भरावी लागते. बैलगाडीत आणि हिच्यात फरक एवढाच की कडबा पेटला तर गाडीवान उडी मारून पळू शकतो.

१९५१ साली इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत हा प्रश्न सगळ्या जगाला दिसला. त्या काळी इटलीच्या आल्फा रोमिओ गाड्या अजिंक्य समजल्या जात. पण त्यांची भूक राक्षसी होती. एका गॅलनमध्ये त्या जेमतेम दीड मैल जात. त्यामुळे टाक्याही अवाढव्य, आणि तरीही मध्ये थांबून भरणे चुकत नसे. फेरारीने कमी पिणारे, साधेसुधे मोठे इंजिन बांधले आणि १४ जुलै १९५१ रोजी अर्जेंटिनाच्या फ्रॉइलान गोन्झालेझने त्या गाडीत आल्फाला हरवले. फेरारीचा जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीतला हा पहिला विजय. लोकांना तो चालकाचा विजय वाटला. होताच, पण पाठीवरचे ओझे हलके करण्याच्या युक्तीचाही तो विजय होता.

पुढे गाड्या बारीक आणि बुटक्या होत गेल्या, तेव्हा टाकी ठेवायची कोठे हा पेच पडला. १९६२ साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने नवी गाडी काढली. तिला वेगळा सांगाडाच नव्हता. पत्र्याच्या दोन लांबट पेट्या हाच तिचा सांगाडा. त्या दोन पेट्यांच्या मध्ये चालक जवळजवळ उताणा पडून गाडी हाकी, आणि पेट्रोलच्या पिशव्या असत त्या ह्याच पेट्यांत. म्हणजे डाव्या कुशीला पेट्रोल आणि उजव्या कुशीलाही पेट्रोल. गाडी दिसायला फार देखणी होती. सगळ्यांनी तिचे अनुकरण केले.

एक लिटर पेट्रोल म्हणजे काय, ह्याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. त्यातली सगळी उष्णता वाया न घालवता वापरता आली, तर सुमारे शंभर लिटर गार पाणी उकळीला येईल. एका लहानशा चाळीचे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान त्यात उरकावे. शर्यतीच्या गाडीत असे दोनशे-दोनशे लिटर असे. आणि पेट्रोल हे द्रव म्हणून पेटतच नाही, पेटते ती त्याची वाफ; थंडीच्या कडाक्यातही ती निघतच असते, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते. टाकी टणक असली म्हणून भागत नाही. भरधाव गाडी थांबली तरी आतले दीडशे किलो पेट्रोल थांबायला तयार नसते. ते टाकीच्या भिंतीवर आतून धडकते आणि शिवण उसवते. भरलेल्या टाकीचा खरा धोका हा असा वजनातला आहे.

१९५५ च्या ल मानविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण त्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. ११ जून रोजी पिएर लेव्हे ह्याची मर्सिडीज दुसऱ्या गाडीच्या मागच्या बाजूवर चढून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसे ठार झाली. गाडीची बाह्यांगे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. हा धातू पेटला की त्यावर पाणी मारणे म्हणजे आगीत तूप ओतणे. बंबवाल्यांनी पाणी मारले आणि ज्वाळा पांढऱ्याशुभ्र होऊन उसळल्या. आपल्या फुलबाज्या आणि भुईनळे ज्या धातूंच्या चुऱ्यामुळे लखलखतात, त्यांतलाच हा एक. स्वित्झर्लंडने त्यानंतर आपल्या देशात अशा शर्यतींना बंदी घातली आणि ती २०२२ सालापर्यंत पुरतेपणी उठली नाही.

ह्या साऱ्या इतिहासाला खरे वळण लागले ते अमेरिकेत, ३० मे १९६४ रोजी, इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत.

इंडियानापोलिसला पूर्वापार मेथेनॉल जाळण्याचा रिवाज होता. आपल्याकडे विषारी दारूच्या बातम्यांत मिथाइल अल्कोहोल म्हणून ज्याचे नाव येते, तेच हे. त्यात पेट्रोलच्या निम्मीच उष्णता. म्हणून तेवढाच पल्ला गाठायला ते दुप्पट लागते. पण ते पाण्यात मिसळते, म्हणजे त्याची आग साध्या पाण्याने विझते. आणि त्याचा धूर होत नाही. १९६३ साली जिम क्लार्क हा स्कॉटलंडचा चालक लोटस-फोर्ड गाडी घेऊन तेथे आला आणि पेट्रोलवर चालवून वाटेत फक्त एकदा थांबून दुसरा आला. जुन्या मंडळींच्या डोळ्यांत अंजन पडले. कमी वेळा थांबायचे तर पेट्रोलच हवे! दुसऱ्या वर्षी कित्येकांनी पेट्रोल पत्करले.

एडी सॅक्स हा त्या शर्यतीतला लोकांचा लाडका. वय ३७. बोलघेवडा, थट्टेखोर, वर्तमानपत्रे त्याला विदूषकांचा राजपुत्र म्हणत. १९६१ साली ही शर्यत त्याच्या अगदी हातात आली होती; तीन फेऱ्या उरल्या असताना मागचा टायर झिजून तार दिसू लागली, आणि तो थांबला. पहिला क्रमांक ए. जे. फॉइटला गेला. लोकांनी पुढे त्याला हजारदा विचारले असेल, की थांबलास कशाला? माझ्यातल्या कादंबरीकाराला हा माणूस फार मोह घालतो. जिंकणे समोर दिसत असताना जिवाची काळजी घेऊन थांबलेला तो मनुष्य होता.

१९६४ च्या त्या शर्यतीच्या दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅक्डोनाल्ड ह्या २७ वर्षांच्या नवख्या चालकाची गाडी चौथ्या वळणावरून बाहेर पडताना फिरली, आतल्या भिंतीवर आदळली आणि फुटली. गाडी पेट्रोलवर होती आणि शर्यत नुकतीच सुरू झालेली. पेटलेली गाडी घसरत पुन्हा रस्त्यावर आली. काळ्या धुराचा पडदा पडला. मागून येणाऱ्यांना काही दिसेना. कोणी डावीकडून निसटले, कोणी उजवीकडून, आणि सॅक्सची गाडी सरळ त्या जळत्या गाडीवर गेली. तिच्यातही पेट्रोलच होते. सॅक्स जागीच गेला, मॅक्डोनाल्ड थोड्या वेळाने इस्पितळात. अपघातामुळे ती शर्यत थांबवण्याचा तो पहिलाच प्रसंग. सुमारे पावणेदोन तासांनी पुन्हा निशाण पडले आणि जिंकला तो तोच फॉइट, जुन्या पद्धतीच्या, पुढे इंजिन असलेल्या गाडीत, मेथेनॉल जाळून.

नियम करणाऱ्यांनी ह्यानंतर जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. पेट्रोलच्या नावाने बोटे मोडण्यापेक्षा त्यांनी त्याचा फायदाच काढून घेतला. पुढच्या वर्षापासून प्रत्येक गाडीने निदान दोनदा थांबलेच पाहिजे. टाकी ७५ गॅलनांहून मोठी असता कामा नये. दोनदा थांबायचेच असेल तर पेट्रोलचा हव्यास धरण्यात अर्थ काय? सगळे मेथेनॉलकडे परतले. क्लार्कसुद्धा. १९६५ साली त्याने ती शर्यत जिंकली ती मेथेनॉलवर. मुलांना मारून शिस्त लागत नाही, खोडीतली मजाच संपवावी लागते, हे वर्गावरच्या माणसाला अनुभवाने ठाऊक असते.

मेथेनॉलचाही एक भयानक दुर्गुण आहे: दिवसाउजेडी त्याची ज्वाळा दिसत नाही. १९८१ साली तेथेच रिक मिअर्स ह्याच्या गाडीत तेल भरताना नळीतून फवारा उडाला आणि तो, त्याचे मदतनीस सारे अदृश्य आगीत जळू लागले. बघणाऱ्यांना माणसे वेड्यासारखी हातपाय झाडताना दिसत होती, आग दिसत नव्हती. शेवटी त्याच्या वडिलांनी नळकांडे घेऊन त्याची आग विझवली. इतकी माणसे भोवती असून मुलाला आग लागली आहे हे बापाला कळले.

१९६४ च्या त्याच मे महिन्यात अमेरिकेत दुसऱ्या एका शर्यतीत ग्लेन रॉबर्ट्स भाजला आणि जुलैत वारला. त्याचे टोपणनाव होते फायरबॉल, म्हणजे अग्निगोल. ते त्याला मिळाले होते लहानपणी बेसबॉलचा चेंडू जोराने फेकण्यावरून. ह्या दोन दुर्घटनांनंतर विमानांत वापरतात तशा रबरी पिशव्यांच्या टाक्या शर्यतीच्या गाड्यांत आल्या. पत्रा फाटला तरी पिशवी वाकते, चेपते, पण फुटत नाही. पुढे तिच्यात स्पंजासारखा फेस भरू लागले. त्यामुळे पेट्रोल हिंदकळत नाही आणि रिकाम्या जागेत वाफ साठत नाही. चालकांच्या अंगावर नोमेक्स नावाचे कापड आले. ते आगीत वितळत नाही. आधी काय करीत? सुती कपडे रसायनात बुचकळून वाळवून घालीत.

युरोपात मात्र शहाणपण रमतगमत आले. जॅकी स्टुअर्ट १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे पावसात रस्त्याबाहेर गेला आणि चेपलेल्या गाडीत पेट्रोलने भिजत सुमारे पंचवीस मिनिटे अडकून पडला. एक ठिणगी उडाली असती तर संपले होते. सोडवले ते दुसऱ्या दोन चालकांनी, एका प्रेक्षकाकडून पाना उसना मागून. त्यानंतर स्टुअर्ट आपल्या गाडीत पाना बांधून ठेवू लागला आणि सुरक्षिततेसाठी त्याने असा काही आग्रह धरला की लोक त्याला भित्रा म्हणू लागले. त्या वर्षांत मॉनॅकोला बांदिनी गेला. त्याची गाडी गवताच्या पेंढ्यांवर उलटली आणि ते संरक्षणासाठी रचलेले पेंढेच पेटले. रुआँला १९६८ साली श्लेसर गेला, तिसऱ्याच फेरीत, मॅग्नेशियमच्या होंडा गाडीत. जॉन सर्टीसने ती गाडी चालवायला साफ नकार दिलेला होता. १९७० साली हॉलंडमधील झांडव्हूर्टला पिअर्स करेज गेला. ही नावे मी भराभर घेतो आहे ह्याचे वाईट वाटते. पण मला पुन्हा त्याच झांडव्हूर्टला, तीन वर्षांनी, थांबायचे आहे.

२९ जुलै १९७३. रॉजर विल्यमसन हा इंग्लंडचा २५ वर्षांचा तरुण आपल्या दुसऱ्याच मोठ्या शर्यतीत उतरला होता. आठव्या फेरीत त्याची गाडी कठड्यावर आदळून उलटी झाली आणि घसरत जाऊन पेटली. तो आत अडकला होता, जिवंत होता. मागून डेव्हिड पर्ली येत होता. त्याने आपली गाडी बाजूला उभी केली, भरधाव रस्ता धावत ओलांडला आणि ती जळती गाडी एकट्याने सरळ करायला लागला. हा पर्ली पूर्वी पलटणीत छत्रीधारी सैनिक होता. बाप शीतकपाटांचा कारखानदार. तेथले स्वयंसेवक जवळच उभे होते, पण अंगावर साधे कपडे. त्यांना आगीजवळ जाववेना. पर्लीने त्यांच्याकडचे एकुलते एक नळकांडे हिसकावून रिकामे केले. पुन्हा गाडी उचलायला धावला. हातांनी खुणा करून त्याने सगळ्यांना बोलावले. कोणी आले नाही. काही प्रेक्षक धावू पाहत होते, त्यांना पोलिसांनी अडवले.

आणि शर्यत चालूच होती! फेरीमागून फेरी गाड्या त्या धुरातून जात होत्या. चालकांना वाटले, जो आगीशी झटतो आहे त्याचीच ती गाडी आणि तो सुखरूप बाहेर पडला आहे. अधिकाऱ्यांचीही तीच समजूत. शर्यत चालू म्हणून बंबाला उलट दिशेने येता येईना. साऱ्या मार्गाचा वळसा घालून तो आला तेव्हा आठेक मिनिटे होऊन गेली होती. विल्यमसन गुदमरून मेला होता. त्या दिवशी स्टुअर्ट पहिला आला. त्याचा तो सव्विसावा विजय, जिम क्लार्कचा विक्रम मोडणारा. पर्ली हताश होऊन परत निघाला त्याची छायाचित्रे आहेत. ती मी एकदा पाहिली, पुन्हा पाहण्याची इच्छा नाही. त्याला ब्रिटनने जॉर्ज मेडल दिले. १९८५ साली कसरतीच्या विमानाला अपघात होऊन तो समुद्रात पडून वारला.

माझे मत विचाराल तर झांडव्हूर्टला पेट्रोलने जेवढे मारले तेवढेच साध्या कपड्यांनी मारले. स्वयंसेवक भेकड नव्हते. आगीजवळ जायचे अंगरखे त्यांना कोणी दिलेच नव्हते.

त्याच वर्षी इंडियानापोलिसलाही अरिष्ट आले. स्वीड सॅव्हेज नुकतीच टाकी तुडुंब भरून बाहेर पडला होता. भिंतीवर आदळला, आणि महिन्याभराने २ जुलैला वारला. मदतीला निघालेल्या गाडीखाली त्याच्याच पथकाचा एक तरुण सापडून मेला. मग टाकी ७५ गॅलनांवरून एकदम ४० वर आली. नुसता हिशेब केला तरी लक्षात येईल, की हेच ४० गॅलन दोन वर्षांपूर्वीही पुरले असते. फक्त थांबावे अधिक लागले असते.

नीकी लाउडाचे १९७६ चे जळणे आणि सहा आठवड्यांनी मलमपट्टीनिशी परत येणे सर्वांना माहीत आहे. त्याला बाहेर काढणारेही चौघे चालकच होते. ह्यानंतर टाकी चालकाच्या कुशीतून निघून पाठीमागे, इंजिनाच्या आड, एकाच जागी बसली. १९७८ साली मोन्झाला रॉनी पीटरसन सुरुवातीच्याच धडकेत सापडला आणि मदत पोचायला फार वेळ लागला. तेव्हापासून डॉक्टर सिड वॉटकिन्स ह्यांनी पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागे डॉक्टरची गाडी धावलीच पाहिजे असा दंडक घातला. पहिलीच फेरी का, हे आता सांगायला नको. गाड्या दाटीवाटीने असतात, आणि टाक्या भरलेल्या असतात. तरीही १९८२ साली माँट्रिअलला रिकार्डो पालेत्ती सुरुवातीलाच आदळला, आणि लोक सोडवत असताना त्याची भरलेली टाकी पेटली. दोन दिवसांनी त्याला चोविसावे लागायचे होते. आई प्रेक्षकांत बसली होती.

त्याच वर्षी ब्रॅबम गाड्यांचा रचनाकार गॉर्डन मरे ह्याने तो जुना कडब्याचा हिशेब पुन्हा मांडला: अर्धी टाकी घेऊन सुटा, पळा, मध्ये थांबून भरा. युक्ती फळली, पण आता आग रस्त्यावरून पिटमध्ये आली. १९८३ मध्ये ब्राझीलला केके रोसबर्गची गाडी भरता भरता पेटली. १९८४ पासून मध्ये भरण्यास बंदी आली आणि टाकीला २२० लिटरची मर्यादा. १९९४ साली बंदी उठली, आणि त्याच जुलैत हॉकेनहाइमला योस व्हर्स्टापेनची गाडी माणसांसकट ज्वाळांत दिसेनाशी झाली. नशिबाने भाजण्यावरच निभावले. २०१० पासून पुन्हा बंदी. हा लंबक मला आमच्या शिक्षणखात्याची आठवण करून देतो. असो.

पण तोवर आग विझवणारे बदलले होते. १९८९ साली इटलीत इमोला येथे गेरहार्ड बर्गरची फेरारी चौथ्याच फेरीत भिंतीवर गेली आणि आगीचा लोळ उठला. त्याच भागात, धावत पोचता येईल इतक्या अंतरावर, नखशिखान्त अग्निरोधक पोशाखातले लोक उभे होते. सुमारे पंधरा सेकंदांत ते पोचले आणि पाहता पाहता आग विझवली. बर्गरची एकच शर्यत बुडाली.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनला पहिल्याच फेरीत रोमँ ग्रोझाँची गाडी ताशी १९२ किलोमीटरच्या वेगाने लोखंडी कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. मध्ये भरण्यास बंदी असल्यामुळे सगळ्या शर्यतीचे पेट्रोल टाकीतच होते. त्या वेळच्या नियमाने ते ११० किलोपर्यंत चाले. रबरी पिशवीला जोडलेली नळी उखडली गेली होती. मागून डॉक्टरची गाडी येतच होती, कारण ती पहिली फेरी होती. बूट अडकला, तो तेथेच सोडून पाय ओढून काढला; आणि सुमारे सत्तावीस सेकंदांनी ग्रोझाँ ज्वाळांतून कठड्यावर आला. डॉक्टर इयान रॉबर्ट्स ह्यांनी त्याला पलीकडे ओढून घेतले. हात भाजले होते. चेहरा शाबूत होता. पुढच्या मे महिन्यात तो अमेरिकेत, इंडियानापोलिसच्याच मैदानातल्या वळणावळणांच्या रस्त्यावर उतरला आणि दुसरा आला. त्या गाडीच्या टाकीत साडेअठरा गॅलन मावत होते.